दांडीच्या टोकाची निळी गाठ

मी एक जुना लोखंडी काटा आहे. भाजीवाल्याच्या हातात लोंबणारा तराजू तुम्ही पाहिला असेल. मी त्या घराण्यातला नाही. मी जमिनीवर पाय रोवून उभा असतो. पुढे माल ठेवायची चौकोनी फळी, तिच्या टोकाला खांब, खांबावर आडवी पितळी दांडी आणि दांडीवर पुढेमागे सरकणारं एक वजन, असा माझा देह आहे. फळीवर माल चढला की दांडीचं टोक वर उचललं जातं. मग ते सरकतं वजन हळूहळू पुढे न्यायचं. दांडी मध्यावर तरंगू लागली की आकडा वाचायचा. मित्रांनो, माझी विद्या एवढीच आहे, पण ती पक्की आहे. एवढ्या वर्षांत मी एकदाच खोटं बोललो. त्या खोट्यापायी कांडी नावाच्या एका कुत्रीचा जीव जाणार होता.

माझा जन्म ओतशाळेत झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. तापलेलं लोखंड, काळी रेती आणि कोणाचा तरी खोकला, एवढंच. पुढे वजनमापवाल्या सरकारी माणसाने मला तपासलं आणि माझ्या दांडीवर शिक्का मारला. त्या दिवशी मला वाटलं, आता आपल्या शब्दाला किंमत आली. मग मी हातगाडीवर बसून भिवंडीत आलो, नारपोलीत, चिंध्यांच्या एका गाळ्यात.

नारपोलीत दिवसरात्र लूम चालतात. कापड विणलं की कडेचे तुकडे, तुटका धागा, डाग पडलेली पट्टी असं बरंच काही उरतं. ते सगळं गठ्ठे बांधून आमच्या गाळ्यात येत असे. बायका बसून निवडत. पांढरं एकीकडे, रंगीत एकीकडे, सूत वेगळं. आलेला गठ्ठा आधी माझ्यावर चढे. आणि माझ्याशेजारी उभ्या असत बकुळाबाई.

बावीस वर्षं त्यांनी मला चालवलं. त्यांची रीत ठरलेली होती. आधी रिकामा काटा बघायचा. सरकतं वजन शून्यावर आहे आणि दांडी मध्यावर आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या गठ्ठ्याला हात लावू देत नसत. मग माल चढवायचा आणि सगळ्यांनी बाजूला व्हायचं. कोणी घाईने आकडा ओरडला तर त्या म्हणत, "दांडी थांबू दे, मग बोल." वजन झालं की सरकतं वजन पुन्हा शून्यावर. एकदा माल आणणाऱ्या एका माणसाने गप्पांच्या नादात आपला पाय फळीच्या कडेवर ठेवला. बकुळाबाईंनी त्याच्या पायाकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, पायपण विकायचाय का? त्याचा भाव वेगळा लागेल." तो माणूस पुढे वर्षभर माझ्यापासून दोन हात लांब उभा राहत असे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका गठ्ठ्यात हालचाल दिसली. सोडून पाहिलं तर आत कुत्र्याचं पिल्लू. त्याच्या पायांभोवती इतका धागा गुंडाळला गेला होता, की लूमच्या धोट्यात घालायची, सूत गुंडाळलेली कांडीच वाटावी. बकुळाबाईंनी तो धागा कात्रीने सोडवला, पिल्लाला एकटं माझ्यावर ठेवलं आणि सव्वा किलो भरलं, ते मालाच्या वजनातून वजा केलं. मगच त्याला दूध दिलं. पिल्लू मादी होतं. तिचं नाव कांडीच पडलं.

मग गाळ्यात विजेवरचा काटा आला. त्याचे लाल आकडे झटकन उमटत. मला शिक्का मारून घेणं बंद झालं आणि धनेशशेठने, म्हणजे गाळ्याच्या मालकाने, मला बाहेर जिन्याखाली ठेवायला सांगितलं. नेताना मी पडलो. दांडीच्या टोकाला एक पितळी घुंडी असते, ती तुटून गटारात गेली. तुम्हाला वाटेल, एवढीशी घुंडी! पण माझ्या दांडीच्या टोकाला दहा ग्रॅम म्हणजे फळीवर एक किलो. घुंडी गेली आणि दांडीचं टोक हलकं होऊन वर चिकटून बसलं. फळीवर काही नसताना मी किलोभर वजन दाखवू लागलो. शिक्का गेला त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं, तेवढं याचं वाटलं.

बकुळाबाईंनी ते पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपल्या जुन्या निळ्या साडीच्या काठाची चिंधी आणली, तिची घट्ट गाठ मारली आणि दांडीच्या टोकाला बांधली. टोक खाली गेलं, पण जरा जास्तच. मग त्या कात्री घेऊन बसल्या. एक दोरा कापायचा, दांडी थांबू द्यायची, बघायचं. पुन्हा एक दोरा. तासाभराने दांडी मध्यावर आली. विजेच्या काट्याजवळचं वीस किलोचं वजन आणून त्यांनी फळीवर ठेवलं. मी वीस दाखवले, ना जास्त ना कमी. शेजारी बसलेली, चिंध्या निवडणारी आक्का त्यांना हसत होती. आता याच्यावर तोलणार तरी काय, असं तिचं म्हणणं.

तोलायला कांडी होती. माझी फळी उन्हाळ्यातही गार असते, म्हणून ती तिच्यावरच झोपे. बकुळाबाई दर शुक्रवारी तिचं वजन करत. भिवंडीत शुक्रवारी लूमला सुट्टी. सगळा खडखडाट थांबतो आणि रस्त्यावरच्या माणसाची चप्पलसुद्धा ऐकू येते. त्या दिवशी त्या घरून दहीभात घेऊन येत, कांडीला फळीवर उभं करत आणि जिन्याच्या भिंतीवर खडूने आकडा लिहीत. त्याच भिंतीवर, आकड्यांच्या वर, त्यांनी गुरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर लिहून ठेवला होता.

यंदा थंडी सरता सरता बकुळाबाई एका सकाळी आल्या नाहीत. दुपारी आक्काने हुकावरचा त्यांचा चष्मा उतरवला आणि फडक्यात गुंडाळला. त्यावरून मला कळलं, बकुळाबाई गेल्या.

त्यांची लेक धम्मदिना. ती जवळच्याच वळ गावातल्या एका गोदामात संगणकावर मालाच्या नोंदी करते. आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर ती गाळ्यावर आली, चष्मा आणि चपला घेतल्या, कांडीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या शुक्रवारी ती दहीभात घेऊन आली. गोदामात पाळीपाळीने सुट्टी मिळते, ती तिने शुक्रवारची मागून घेतली होती. लहानपणी शाळेतून आल्यावर ती आईजवळ बसून असे, त्यामुळे काटा तिला वाचता येत होता. तिने आईच्या आकड्याखाली आपला आकडा लिहिला. पंधरा किलो चारशे. पुढच्या खेपेला पंधरा सहाशे. त्याच्या पुढच्या खेपेला सोळा दोनशे.

वजन वाढत होतं, कारण कांडी पोटुशी होती. मधे तीन दिवस तिने खाणं टाकलं होतं, सकाळी एकदोनदा ओकलीही होती. आक्का म्हणाली, डोहाळे आहेत, थांबतील. आणि तसंच झालं. चौथ्या दिवशी कांडी पूर्वीसारखी जेवली. आक्का बरोबर ठरली. मित्रांनो, एकदा बरोबर ठरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा विचार करायला लावणं फार कठीण असतं.

गाळ्यातल्या बायकांनी ठरवलं, कांडीचं डोहाळजेवण करायचं. कांडी पोटुशी राहिली की बकुळाबाई दरवेळी म्हणायच्या आणि राहून जायचं. गुरुवारी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या वेळी करू असं ठरलं. शुक्रवारी धम्मदिना आली तेव्हा आक्काने तिलाही बोलावलं. ती आधी नको म्हणत होती. तेव्हा आक्का म्हणाली, "कांडी बी बकुळेचीच लेक हाय. तिचं माहेर आता तूच. तू न्हाय आलीस तर ती रुसल."

आई गेल्यापासून धम्मदिनाला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गुरुवारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. बायकांनी कांडीच्या गळ्यात हिरवी चिंधी बांधली. कोणी चपाती आणली, कोणी अंडं. धम्मदिनाने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात सात लाडू होते, डिंकाचे. बकुळाबाईंनी थंडीत केलेले, त्यांच्या हातचे शेवटचे. पाच आठवडे तो डबा घरी मांडणीवर होता. ते लाडू तिला खाववेनात आणि टाकवेनात. तीन लाडू तिने बायकांना अर्धे अर्धे करून वाटले. चार कांडीला भरवले, एकेक घास करून. स्वतःच्या तोंडात तिने एक कणही घातला नाही. मला त्या वेळी ते फार बरं वाटलं. चांगल्या जागी गेले, असं वाटलं.

कांडी अंग चाटत माझ्याजवळ बसली आणि धम्मदिना आईच्या आणखी काही वस्तू राहिल्यात का, ते बघू लागली. हुकावरची पिशवी, कात्री, खडूची डबी. मग तिची नजर माझ्या दांडीकडे गेली. निळा काठ तिने ओळखला. आईची ती साडी तिच्या ओळखीची होती. तिने हळूच गाठ सोडली, चिंधी नाकाशी धरली, घडी करून पर्समध्ये ठेवली. माझी दांडी टक्कन वर जाऊन बसली. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. लेक आईची आठवण घेऊन चालली होती. मी कोण नको म्हणणारा?

संध्याकाळी गाळा बंद व्हायच्या आधी कांडी ओकली. आक्काने पाणी मारून जागा धुतली.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला धम्मदिना आली, तेव्हा सगळीकडे शांतता होती. जिन्याखाली तीन ठिकाणी उलटी पडलेली होती. कांडी माझ्या फळीवर आडवी होती. रोज पाऊल वाजलं की ती शेपटीने फळीवर ठोका द्यायची. आज शेपटी हलली नाही, नुसता डोळा हलला.

आक्का वरच्याच खोलीत राहते. हाक ऐकून जिना उतरून आली. तिने सांगितलं, की सकाळपासून चारपाच वेळा झालं, ओव्याचं पाणी पाजलं तेही बाहेर आलं. पण तिच्या आवाजात काळजी नव्हती.

"डोहाळं हाय, बाय. मागं बी झालं व्हतं का न्हाय? तीन दिसांत उठून बसली."

"तेव्हा ती अशी पडून नव्हती, आक्का."

"तू कधी पोटुशी व्हतीस? मी चार येळा व्हते. पडूनच व्हते."

धम्मदिनाने भिंतीवरचे आकडे पाहिले आणि ती माझ्याकडे वळली. कांडी फळीवर होतीच. तिला उठवायची गरज नव्हती. धम्मदिनाने सरकतं वजन पुढे नेलं. पंधरा. सोळा. आणखी थोडं. दांडी तरंगली. तिने ती नीट थांबू दिली, आईसारखी. मग वाचलं. सोळा किलो तीनशे.

"बघ," आक्का म्हणाली, "शंभर ग्रामनं वाढली. आजारी जीव वाढतो का कधी?"

मित्रांनो, तेच माझं खोटं. टोकाची गाठ नव्हती, म्हणून मी किलोभर जास्त सांगत होतो. कांडी आधीच फळीवर होती, म्हणून रिकामा काटा कोणी पाहिला नव्हता. मला बोलता येत नाही. माझं बोलणं म्हणजे ती दांडी, आणि ती दांडीच चुकीचं सांगत होती. धम्मदिनाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिने भिंतीवर आकडासुद्धा लिहिला. आक्का उलटीवरची गोळी आणायला वर गेली. तिच्या सुनेसाठी डॉक्टरांनी दिलेल्यातली एक उरली होती.

धम्मदिनाने दहीभाताचा डबा उघडून कांडीच्या तोंडापुढे धरला. कांडीने तोंड फिरवलं. ती कशीबशी उठली, फळीवरून उतरली, दोन पावलं गेली आणि भिंतीशी पिवळं पाणी ओकली. तिचे मागचे पाय थरथरत होते. धम्मदिनाने तिला धरलं, तोंड पुसलं. आणि मग वजन झालं की हात जसा आपोआप जातो, तसा तिचा हात माझ्याकडे आला आणि सरकतं वजन मागे शून्यावर गेलं.

दांडी खाली आली नाही. टोक वरच राहिलं.

धम्मदिना बघत राहिली. तिने वजन पुन्हा शून्याला टेकवलं. टोक वरच. तिने ते जरा पुढे सरकवलं, आणखी पुढे. एक किलो शंभरला दांडी तरंगली. फळीवर कोणीही नव्हतं आणि मी एक किलो शंभर ग्रॅम दाखवत होतो.

आक्का गोळी घेऊन उतरली.

"आक्का, काटा रिकामा आहे आणि वजन दाखवतोय."

"जुना झालाय त्यो. शेठ बोलतच व्हता, भंगारात घाला म्हनून." आक्काने वाकून दांडी पाहिली. "आन् हिची गाठ कुटं गेली?"

"कुठली गाठ?"

"निळी. बकुळेनं बांधलेली. तासभर कात्री घेऊन बसली व्हती, येकेक दोरा कापत. मी बोलले, याड लागलं काय. तर बोलली, गाठ हाय तवर काटा खरा."

धम्मदिनाने पर्स उघडली. चिंधीची घडी तिने बाहेर काढून उलगडली. मग ती पुढे आली आणि टोकाला चिंधी बांधली. पहिली गाठ सैल पडली. दुसरी घट्ट बसली. दांडी खाली आली, डुलली, मध्यावर थांबली. मी शून्यावर आलो.

दोघींनी कांडीला उचलून फळीवर ठेवलं. आता आक्काही वाकून बघत होती. पंधरा किलो दोनशे. गेल्या शुक्रवारपेक्षा पूर्ण एक किलो कमी, आणि पोटात पिल्लं.

आक्काने हातातली गोळी गुपचूप पदराच्या टोकाला बांधली. धम्मदिनाने भिंतीवरचा खोटा आकडा तळहाताने पुसला आणि वरचा डॉक्टरांचा नंबर फोनवर दाबला. फोन तिने माझ्या खांबाला टेकवून ठेवला, म्हणून पलीकडचा आवाजही मला ऐकू आला. डॉक्टर रंजिता. कांडीला लहानपणी सुई टोचणाऱ्या त्याच.

त्यांनी आधी विचारलं, किती दिवसांची आहे. आक्काने बोटं मोजून पस्तीस सांगितले. डॉक्टर म्हणाल्या, की कुत्रीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थोडी मळमळ होते, दोनचार दिवस खाणं कमी होतं, एखादी उलटी होते. ते आपोआप थांबतं. पण थांबून पुन्हा सुरू झालं, वरचेवर उलट्या झाल्या, पाणीही टिकेना, कुत्री पडून राहिली, तर त्याला डोहाळे म्हणायचं नाही. मग त्यांनी विचारलं, काल वेगळं काय खाल्लं.

"लाडू," धम्मदिना म्हणाली. "डिंकाचे. चार."

"त्यात काय काय होतं?"

"डिंक, खारीक, खोबरं, गूळ, तूप, खसखस." आई घालायची त्याच क्रमाने ती सांगत गेली. "आणि मनुका."

"मनुका किती?"

"आईचा हात सढळ होता."

मग डॉक्टरांनी सांगितलं, की तिला आत्ताच्या आत्ता घेऊन या. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्यांना बाधतात. कोणाला थोड्याने, कोणाला जास्तीने, त्याचा नेम नाही. त्याने किडनी खराब होते. तोंडाने आता काही देऊ नका, माणसांची गोळी तर मुळीच नको. आक्काने पदराचं टोक मुठीत धरलं.

"डॉक्टर," धम्मदिना म्हणाली, "ते माझ्या आईच्या हातचे लाडू होते."

"आईंनी ते तुमच्यासाठी केले होते," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "वजन किती आहे तिचं?"

"पंधरा किलो दोनशे."

"अंदाजे ना?"

"नाही. काट्यावर."

मित्रांनो, मला आजवर पुष्कळांनी चांगलं म्हटलं आहे. पण त्या एका शब्दासारखं कोणी म्हटलं नाही.

आक्काने गल्लीच्या तोंडाशी जाऊन रिक्षा आणली. रिक्षावाला कांडीला पाहून मागे सरला. "कुत्ते को नहीं बिठाएगा. उलटी करेगी तो?"

"करंल तर मी पुसंन," आक्का म्हणाली. "पोटुशी हाय ती. तुझी आई बी कधी व्हती का न्हाय?"

सीटवर टाकायला रिक्षावाल्यानेच मागचं फडकं काढून दिलं.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. कांडीला तीन दिवस सलाईन लावलं. सलाईन किती, औषध किती, ते तिच्या वजनावर ठरलं. रक्त तपासलं. किडनीवर ताण आला होता, पण ती वाचण्यासारखी होती. डॉक्टर म्हणाल्या, डोहाळे थांबायची वाट बघत आणखी दोन दिवस घालवले असते, तर माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नसतं. हे आक्कानेच शनिवारी गाळ्यातल्या बायकांना सांगितलं. सांगताना तिने स्वतःला वगळलं नाही. "डोहाळं मीच बोलले," असं ती दोनदा म्हणाली.

सोमवारी कांडी परत आली. पंधरा किलो. त्यापुढे मात्र आकडे चढत गेले. एकदम पोटभर घालणं बंद झालं. पोटात पिल्लं वाढली की जठराला जागा उरत नाही, म्हणून दिवसातून चार वेळा थोडं थोडं, मऊ भात आणि बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन. उन्हातला, आंबलेला घास नाही. औषध डॉक्टर देतील तेवढंच. हे सगळं सांभाळायला आक्का बसली. कोणी प्रेमाने बिस्किट पुढे केलं तर ती म्हणे, "ठेव ते, तुझ्या डोहाळ्याला खा."

महिन्याभराने कांडी पांढऱ्या सुताच्या ढिगात व्याली. पाच पिल्लं झाली, त्यातलं एक जगलं नाही. उरलेली चार तोलायची होती आणि मला एवढं हलकं नीट कळत नाही. तेव्हा त्यांना विजेच्या काट्यावर ठेवलं. त्याने लाल अक्षरांत बरोबर आकडे दाखवले. त्याचंही काम चांगलं आहे, हे मी मान्य करतो.

धनेशशेठने भंगाराचं पुन्हा काढलं नाही. उलट एक दिवस ते स्वतः माझ्यावर उभे राहिले. मी एक्क्याण्णव दाखवले.

"काटा जुना झालाय," ते म्हणाले.

"काटा न्हाय जुना, शेठ," आक्का म्हणाली.

त्यांनी माझ्यासाठी नवी पितळी घुंडीसुद्धा आणली. शुक्रवारी धम्मदिना आली तेव्हा ती त्यांनी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, ताई, आता ती चिंधी तुम्ही न्या, आईची आठवण आहे. तिने घुंडी हातात घेऊन पाहिली. मग खडूच्या डबीत ठेवून दिली. माझ्याजवळ येऊन तिने रिकामी दांडी पाहिली, निळी गाठ बोटांनी चाचपली आणि जरा आणखी घट्ट केली. मग कांडीला हाक मारली. फळीवर शेपटीचा ठोका पडला. भिंतीवर आईच्या आकड्यांखाली लेकीचे आकडे आता जमिनीपर्यंत आले आहेत. पुढची ओळ वरून सुरू करावी लागेल.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत पोटुशी कुत्री असेल, तर तिला जीव लावा, पण आपल्या ताटातलं आणि आपल्या औषधांतलं तिच्या तोंडात घालू नका. ती पुन्हा पुन्हा ओकत असेल, तर नाव ठेवून मोकळे होऊ नका. तिचं वजन बघा, डॉक्टरांना विचारा. दांडी थांबू द्या, मग बोला. आणि घरातलं कोणी गेलं, तर त्यांच्या वस्तू उचलताना हात जरा सावकाश चालवा. एखादी चिंधी अजून कामावर असते.